गहवा खाली ठेवला तेव्हा

दुबई म्हटलं की तुम्ही आता उंच बिल्डिंगची वाट बघताय, हे मला माहितीये. मग वाळू, मग उंट, मग सोन्याचं दुकान, आणि शेवटी मी डोळे पुसत आईला फोन करतोय. सॉरी. उंट मी अजून फक्त दुधाच्या बाटलीवर बघितलाय. मी आलो ते अल कुसैसला, मामाच्या फ्लॅटमध्ये, आणि हॉलच्या खिडकीतून दिसायचे ते समोरच्या बिल्डिंगचे एसी आणि त्यांच्याखाली ठेवलेल्या बादल्या.

बार्शीतून निघायच्या आदल्या दिवशी सलूनवाल्यानं वस्तरा गळ्यावर ठेवून विचारलं होतं, "मुसलमानांच्या देशात चाललास, भ्या नाही वाटत व्हय?" वस्तरा गळ्यावर असताना कसलीच भीती नाही असंच म्हणायचं असतं. पण खरं सांगू का, इथं येऊन मला भीती वाटली ती दोनच गोष्टींची. एक मामाची आणि एक कपाची. कप एवढासा, कान नसलेला, देवापुढच्या वाटीएवढा. त्या कपामुळे मी आता फुजैरात राहतोय आणि मामा अजून अल कुसैसला राहतायत. त्याचीच गोष्ट आहे.

मला आवाज काढायची खोड आहे. लहानपणापासून. शाळेत मी मुख्याध्यापकांच्या आवाजात खिडकीबाहेरून दोन वर्गांना सुट्टी देऊन टाकली होती. तेव्हा मार खाल्ला. मामा मला घ्यायला एअरपोर्टवर आले तेव्हा पार्किंगमध्ये पोचायच्या आधीच त्यांनी ती गोष्ट काढली. म्हणाले, तिथं छडी मिळाली, इथं छडी नसते, इथं व्हिसा कॅन्सल होतो. व्हॉट्सॲपवर कुणाची नक्कल टाकलीस आणि त्यानं तक्रार केली, की सरळ पोलीस. तेव्हा तोंड बंद. मी एअरपोर्टवरच्या बाईच्या अनाउन्समेंटच्या आवाजात "थँक यू" म्हणालो. मामांनी ट्रॉली थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि परत ढकलायला लागले.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. त्यांनी उभी नोकरी एकाच कंपनीत काढली. पाण्याच्या टाक्या बनवणारी कंपनी, फायबरच्या, एकेक टाकी आपल्याकडच्या स्वयंपाकघराएवढी. ऑफिस अल कुसैसला, कारखाना उम्म अल कुवैनला. मामा ऑफिसात हिशेब बघायचे. मला त्यांनी कारखान्यात डिस्पॅचला चिकटवलं, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. मालक म्हणजे एक म्हातारे लोकल, म्हणजे इथलेच अरब गृहस्थ. इथं मालकाला सगळे अरबाब म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. त्यांना हिंदी यायचं. तरुणपणी मुंबईशी व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी आपल्यासारखंच, फक्त त्यातली घाई काढून टाकलेली.

त्यांचा आवाज मला पहिल्याच दिवशी सापडला. आधी नाकातून एक लांब श्वास. मग तुमच्याच वाक्यातला शेवटचा शब्द परत. तुम्ही म्हणालात की गाडी कल आएगा, तर ते म्हणणार, "कल." मग हातातल्या माळेचा एक मणी, टक. मग पुन्हा, "कल." तेवढ्यात समोरचा माणूस आपणहून कबूल करायचा की गाडी परवा येणार आहे.

घरी हे करून दाखवलं तेव्हा मामांची मुलगी जेवता जेवता ठसकली. "डू इट अगेन, डू इट अगेन." ती इथंच जन्मली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मामी पदर तोंडाला लावून हसल्या. मामा उठले, खिडकी लावली आणि परत येऊन बसले. जेवणं झाल्यावर मला बाल्कनीत बोलवून म्हणाले, "यंदा नको. पुढच्या वर्षी कर काय करायचं ते. यंदा नको."

यंदा का नको ते मला मामींनी सांगितलं. मामा साठीला आलेले. साठीनंतर माणूस ठेवायचा की नाही, ते अरबाब स्वतः ठरवायचे. अरबाबांचा मुलगा, त्याला आम्ही छोटे अरबाब म्हणायचो, त्याला मामांच्या जागी नवीन सॉफ्टवेअर आणि एक नवीन पोरगा पाहिजे होता. मामांचा व्हिसा दिवाळीनंतर संपत होता. मुलगी बारावीला, बोर्डाची परीक्षा त्याच्या पुढच्या मार्चपर्यंत. मामांच्या नोकरीवर मामांचा व्हिसा आणि मामांच्या व्हिसावर घरातल्या दोघी. नोकरी गेली की तिघांनी निघायचं. बारावीच्या मधेच शाळा सुटली की पोरीचं वर्ष गेलं. आणि ती जाणार कुठं? बार्शीला ती सुट्टीत आठवडाभर यायची आणि आठवडाभर डास मारायची.

मी मामींना म्हटलं, मामा विचारत का नाहीत सरळ? मामी म्हणाल्या, मी हजारदा सांगितलं, एकदा विचारा. तर म्हणतात, विचारलं की उत्तर येतं.

त्या घरात तेव्हा असं वातावरण होतं. कपाटावरच्या मोठ्या बॅगा मामी दर रविवारी खाली काढायच्या, पुसायच्या आणि परत वर ठेवायच्या. कशासाठी काढल्या ते कुणी विचारायचं नाही. ऑफिसचा फोन वाजला की मामी मिक्सर बंद करायच्या. मुलगी दार लावून अभ्यास करायची, आणि दार उघडं असलं तर समजायचं की अभ्यास होत नाहीये. मी मात्र पहाटे कंपनीच्या बसनं उम्म अल कुवैनला निघून जायचो, म्हणून सुटायचो.

आता टाकीचं सांगतो.

कारखान्याच्या आवारात तयार टाक्या रांगेत ठेवलेल्या असतात. आतून बघून घ्यायच्या की भेग-बिग नाही ना. हे काम माझ्याकडं होतं. वरचं झाकण उघडून आत उतरायचं, टॉर्च मारायचा, बाहेर यायचं. आणि एखाद्या माणसाला आवाजाची खोड असेल तर त्याला रिकाम्या टाकीत एकटं सोडू नये. आत नुसतं खोकलं तरी देव खोकल्यासारखं वाटतं. मी आधी आमच्या मुख्याध्यापकांना तिथं आणलं, मग बार्शी स्टँडवरच्या अनाउन्सरला. आणि एका दुपारी अरबाबांना.

लांब श्वास घेतला. टॉर्चच्या कड्यावर नख मारलं, टक. आणि म्हणालो, "गर्मी. बहुत गर्मी. खलास. आज छुट्टी."

मला वाटलं, माझ्यापुरतं बोललोय. मी झाकणातून डोकं बाहेर काढलं तर लोडिंगची सगळी माणसं हातमोजे काढून बसकडं चाललेली. दोघं तर बसमध्ये बसलेसुद्धा. फोरमन आवाजाच्या दिशेला तोंड करून "जी अरबाब" म्हणत उभा. समोर ट्रेलर अर्धा भरलेला. मी ओरडून सांगितलं की मी आहे, मी आहे. काही हसले, काही शिव्या देत परत आले. फोरमन हसला नाही. आणि गेटपाशी अरबाबांची गाडी धुवायला थांबलेला त्यांचा ड्रायव्हर, पेशावरकडचा म्हातारा, त्याला आम्ही चाचा म्हणायचो, तोही हसला नाही. त्यानं पाइप खाली ठेवला आणि माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला.

दोन दिवसांनी चाचा डिस्पॅचच्या खिडकीत आला. म्हणाला, अरबाबनं बोलवलंय, शुक्रवारी, अस्रच्या, म्हणजे दुपार कललीय तेव्हाच्या नमाजनंतर, घरच्या मजलिसमध्ये. मी विचारलं, एकट्याला? तो म्हणाला, "नहीं. मामू को भी लाना."

ते मामांना कसं सांगितलं ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि त्याच्या काचा पुसत बसले. मामींनी कपाटाकडं, बॅगांकडं बघितलं. मुलगी दारात उभी होती. तिनं मला विचारलं, "आर दे गोइंग टू सेंड अस बॅक बिकॉज ऑफ यू?" 

शुक्रवारी मामांनी मला आपला इस्त्रीचा शर्ट घालायला दिला. मोजे माझ्याकडं होते, तेच घातले. दहा दिरहॅमला सहा जोड घेतलेले, म्हणजे जवळजवळ अडीचशे रुपये, आणि घेतले तेव्हा मामांनी वर सुनावलं होतं की एका मोज्याला वीस रुपये पडले, चैन आहे तुझी. अरबाबांचं घर उम्म अल कुवैनला, मामांनी शारजाच्या ट्रॅफिकमधून गाडी बाहेर काढली. मग शिकवायला लागले. उजव्या हातानं घ्यायचं. पायाचा तळवा समोर करायचा नाही. घरातल्या बायकांची चौकशी करायची नाही. गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, देतील, ती नको म्हणायची नाही. पुरे झाली की कप असा हलवायचा, नाहीतर ओततच राहतील. त्यांनी स्टीअरिंग सोडून हात हलवून दाखवला आणि मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

मग माफी. माफीची दोन वाक्यं मामांनी तयार केली होती आणि ती माझ्याकडून घोकून घेतली. अरबाब, मैं नया हूँ, गलती हो गया, मुआफी चाहता हूँ. बस. यापुढं एक अक्षर नाही. "बाकी जे बोलायचं ते मी बोलेन," ते म्हणाले. मी विचारलं, व्हिसाचं पण? मामांनी रस्त्यावरून नजर काढली नाही. म्हणाले, "आज तुझी नोकरी वाचली तरी पुष्कळ."

मजलिस म्हणजे लांब दिवाणखाना. चारी बाजूंनी भिंतीला लागून गाद्या-तक्के, मधे गालिचा, कोपऱ्यात धुपाचं भांडं. दारात चपला-बूट काढायचे. मी बूट काढले आणि बघतो तर उजव्या पायाचा अंगठा मोज्यातून बाहेर. भोक चांगलं रुपयाएवढं. मी बोटं आत दुमडली आणि तसाच चालत गेलो. माझ्या चालण्याकडं बघून कुणाला वाटलं असेल पोराला पायाचा काहीतरी आजार आहे.

आत अरबाब होते, छोटे अरबाब फोन बघत बसलेले, आणि बोटींच्या धंद्यातले दोन म्हातारे मित्र. सलाम झाला. मामा त्यांच्या नेहमीच्या जागी, दारालगत बसायला गेले. मी त्यांच्या मागं. अरबाबांनी आपल्या उजव्या बाजूच्या गादीवर हात आपटला आणि माझ्याकडं बघितलं. मी मागं वळून बघितलं की दुसरं कुणी आहे का. नव्हतं. मग मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो, अंगठा दुमडून. मामा पार पलीकडं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आमच्यामधे सगळा गालिचा.

मणी चालू होते, टक, टक. इतक्या जवळून तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की मी तो थोडा चुकीचा काढत होतो. त्यांचा दुसरा मणी पहिल्यापेक्षा हळू पडायचा. असल्या वेळी असलं सुचतं, काय करणार.

गहवा देणारा माणूस आला. डाव्या हातात चोचीची किटली, उजव्या हातात कपांची चळत. त्यानं तळाशी एवढासा गहवा ओतला आणि पहिला कप मला दिला. पाहुण्याला पहिला. मी उजव्या हातानं घेतला. इथपर्यंत सगळं बरोबर.

आता आमच्याकडं कसं आहे, वडिलांनी बशी तोंडाला लावल्याशिवाय घरात कुणी कपाला हात लावत नाही. मामांकडंही तेच. मामींनी चहाचा ट्रे ठेवला की मामांचा पहिला घोट होईपर्यंत सगळे गप्प. हे कुणी शिकवत नाही, हात आपोआप थांबतो. मी बघितलं तर मामांच्या हातात अजून कप नव्हता. मग मी कसा पिणार? मी कप समोरच्या छोट्या टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले, आणि मामांची वाट बघत शहाण्यासारखा बसलो.

मणी थांबले.

गहवावाला किटली तिरकी धरून होता, तसाच उभा राहिला. बोटवाल्या म्हाताऱ्यांनी कपाकडं बघितलं. छोट्या अरबाबांनी फोन खाली ठेवला. मी मामांकडं बघितलं. मामांचा चेहरा असा झाला होता की गाडी रुळांवर अडकलीय आणि लांबून शिट्टी ऐकू येतेय. त्यांनी ओठ न हलवता, मराठीत, गालिच्याच्या पलीकडून म्हटलं, "पी. पी तो आधी."

मी कपाकडं हात नेला. अरबाबांनी आपला हात मधे धरला. जोरात नाही. नुसता धरला.

छोटे अरबाब इंग्रजीत म्हणाले, यू नो व्हॉट यू डिड? मी नाही म्हटलं. मग त्यांनी समजावलं. आमच्याकडं पाहुण्यानं गहवा न पिता खाली ठेवला, की त्याचा अर्थ त्याला काहीतरी मागायचंय. यजमानानं विचारायचं असतं. उत्तर मिळाल्याशिवाय पाहुणा पीत नाही. त्यांच्या आवाजात कंटाळा होता आणि थोडी गंमतही. जुन्या लोकांचं आहे हे, ते म्हणाले, पण माझे वडील जुनेच आहेत.

अरबाब माझ्याकडं वळले. "बोलो. क्या माँगता."

मला त्या खोलीतली एकूण एक गोष्ट आठवतेय. धुपाचा वास, मामांच्या गुडघ्यावर त्यांचा स्वतःचा हात दाबलेला, माझ्या मोज्यातला अंगठा. माझ्याकडं दोन वाक्यं तयार होती, घोकलेली. मुआफी चाहता हूँ. तेच मागायचं, मान्य करून घ्यायचं, गहवा प्यायचा, कप हलवायचा, घरी जायचं. माझी नोकरी वाचली असती. कप एकच होता. एका कपावर दोन गोष्टी मागता येतात की नाही ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं. आणि पलीकडं एक माणूस बसला होता, त्यानं सबंध नोकरीत या खोलीत येऊन प्रत्येक वेळी गहवा पिऊन टाकला होता. कप कधी खाली ठेवलाच नाही. त्याला तर या कपाचा अर्थ माहीत होता.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. खरंच आला नाही. आयुष्यात कधी असं झालं नव्हतं. मी खाकरलो, परत उघडलं, नुसती हवा.

"टंकी में तो बहुत निकलता था," अरबाब म्हणाले.

छोट्या अरबाबांनी खाली बघितलं. मामांनी डोळे मिटले. म्हणजे अरबाबांना माहीत होतं. अर्थात माहीत होतं, त्यासाठीच तर बोलवलं होतं. अरबाबांनी माळ मांडीवर ठेवली आणि मागं टेकून बसले.

"तुम्हारा आवाज नहीं आता, तो मेरा आवाज में बोलो."

मला वाटलं थट्टा आहे. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. वाट बघत होते. मी मामांकडं बघितलं, ते मान हलवत होते, नाही, नाही, नाही. मग मी त्यांच्याकडं बघायचं बंद केलं.

लांब श्वास घेतला, नाकातून. तो मात्र बरोब्बर आला. श्वास बरोबर आला की बाकीचं मागोमाग येतं. टेबलावर नख मारलं, टक, आणि दुसऱ्यांदा, जरा हळू.

"हिसाबवाला," मी म्हणालो. "हिसाबवाला." खोलीत दोन अरबाब झाले. "उसका बेटी पढ़ता है. बारहवीं. बारहवीं. बीच में भेजेगा तो साल जाएगा. हिसाबवाला कभी नहीं माँगेगा. उसका आदत नहीं है." टक. "इम्तिहान तक बैठने दो. इम्तिहान तक. खलास."

आणि थांबलो. माफीची दोन वाक्यं पोटात तशीच राहिली.

छोटे अरबाब अरबीत काहीतरी बोलले, लांबलचक आणि तापलेलं. त्यातला एकच शब्द मला कळला, सॉफ्टवेअर. अरबाबांनी एक बोट वर केलं आणि ते थांबले. अरबाब आता माझ्याकडं नाही, मामांकडं बघत होते. खोलीच्या त्या टोकाला.

"तुम्हारा बेटी है?"

"जी अरबाब," मामा म्हणाले. आवाज मला ओळखू आला नाही.

"इतना साल में कभी बोला नहीं."

अरबाबांनी विचारलं, कुठल्या शाळेत. मामांनी सांगितलं. डॉक्टर बनना है? मामा म्हणाले, मालूम नहीं अरबाब, मेरे से बात कम करता है. बोटवाल्यांपैकी एक म्हातारा पहिल्यांदा हसला आणि आपल्या दाढीवरून हात फिरवत म्हणाला, सबका बेटी ऐसा है.

अरबाबांनी मुलाकडं बघितलं. "इम्तिहान तक," ते म्हणाले. अगदी माझ्यासारखं म्हणाले. म्हणजे मी त्यांच्यासारखं म्हणालो होतो, पण त्या क्षणी उलटंच वाटलं. मग माझ्या कपाकडं बोट. "ये ठंडा हो गया." गहवावाल्यानं तो घेतला, दुसरा ओतला. मी प्यायलो. कडू, वेलदोड्याचा, गरम. रिकामा कप मी नुसता धरून बसलो, आणि त्यानं परत ओतला, कारण कसा हलवायचा ते मला ऐनवेळी आठवेना. तिसऱ्या कपाला मामांनी पलीकडून हात हलवून दाखवला.

निघताना अरबाब उठून दारापर्यंत आले. मी बूट घालत होतो. ते म्हणाले, "तुमने अपना मुआफी नहीं माँगा." मी म्हणालो, अब माँगता हूँ. ते म्हणाले, "अब कप नहीं है." आणि चाचाला सांगितलं की रविवारी याचं सामान फुजैराच्या गोडाऊनला पोचव. तिथं टाक्या नाहीत, नुसते पाइप आहेत. पाइपात बोललं तर आवाज पलीकडून निघून जातो, मी बघितलंय करून.

गाडीत मामा बसले आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. मला वाटलं आता ते रडतील, नाहीतर माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. तुम्हालाही वाटलं ना? मी म्हटलं होतं, तसलं काही नाही.

"तुझी अक्कल कुठं असते रे?" त्यांनी सुरुवात केली आणि गाडीही सुरू केली. "त्या माणसाच्या घरात बसून, त्याच्या मुलासमोर, त्याच्या मित्रांसमोर, त्याच्याच तोंडानं त्याला हुकूम सोडलास. मी तिथं मान खाली घालून इतकी वर्षं कशासाठी बसलो? तुला काय वाटतं, मला तोंड नव्हतं? माझं तोंड होतं. माझ्या पोरीचं सांगायला तू कोण? आणि काय म्हणालास, हिसाबवाल्याला मागायची सवय नाही? माझी सवय तू काढणार?" हे उम्म अल कुवैनपासून शारजापर्यंत. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये ते थांबले, चष्मा काढून पुसला, आणि गाडी पुढं सरकली तसे परत सुरू झाले. फुजैराला जाणार म्हणून शिव्या, माफी नाही मागितली म्हणून शिव्या, कप खाली ठेवला म्हणून शिव्या. मी म्हटलं, मामा, तुमची वाट बघत होतो, तुमच्या आधी कसा पिणार? पुढचा सिग्नल लाल झाला, मामांनी ब्रेक दाबला. मग म्हणाले, "गाढवा."

घरी मामी दारातच उभ्या होत्या. मामांनी बूट काढता काढता सगळं सांगितलं, रागाच्या आवाजातच सांगितलं, त्यामुळे चांगली बातमी आहे हे कळायला मामींना वेळ लागला. मुलगी खोलीतून बाहेर आली. "वेट. टिल माय बोर्ड्स? फॉर रिअल?" आणि आत गेली, आणि दार लावून घेतलं. मामी खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, निदान इथं तरी.

"परीक्षेपर्यंतच?" मामी म्हणाल्या. "अरे, परीक्षा मार्चला संपते. नंतर कॉलेज नाही का तिला? एप्रिलमध्ये आम्ही काय समुद्रात जाऊन राहायचं? माणूस स्वतःहून बोलो म्हणतोय, क्या माँगता म्हणतोय, आणि तू शाळकरी पोरासारखं परीक्षेपर्यंत मागून आलास. व्हिसा दोन वर्षांचा असतो, तेवढं तरी डोक्यात यायला नको? दुसऱ्याचंच तोंड वापरायचं होतं ना, मग जास्त मागायला काय जात होतं?"

मी मामांकडं बघितलं, की आता ते काहीतरी बोलतील. ते माझ्या पायाकडं बघत होते.

"आणि मोजा फाटका," मामा म्हणाले. "अरबाबांच्या शेजारी बसलाय, आणि मोजा फाटका."